पालक-मेथी दर पेरणीला पिवळी पडून खुंटते? पान सोडा, मूळ बघा

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल.

बी वेळेवर उगवतं. पहिली दोन दलं हिरवीगार असतात. दहा-बारा दिवसांनी खरी पानं येतात ती मात्र फिकट. शिरा हिरव्या आणि शिरांमधली जागा पिवळट. रोप दोन बोटं उंच होतं आणि तिथंच बसतं. पाणी वाढवा, कमी करा, शेणखत द्या, उन्हातून सावलीत न्या, फरक पडत नाही. दुपारी माती ओली असूनही रोप मान टाकतं. उपटायला गेलात तर अलगद हातात येतं, कारण खाली धरून ठेवणारं काही नसतंच. मूळ जेमतेम पेरभर, जाडसर, टोकाला तपकिरी, आणि बाजूची केशमुळं जवळजवळ नाहीत. नवीन बी आणून पुन्हा पेरलं की पुढच्या खेपेला पुन्हा हेच.

हे सगळं जुळत असेल तर आधी एक आठवा: त्या कुंडीत गेल्या वर्ष-दीड वर्षात 'नॅनो' नावाची एखादी पावडर किंवा द्रावण मातीत घातलं होतं का? तुम्ही नसेल घातलं, तर घरातल्या किंवा गच्चीवरच्या दुसऱ्या कुणी?

आमच्या गच्चीवर काय झालं

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चाळीस-पंचेचाळीस ग्रो बॅगा आहेत. आठ घरं मिळून भाजी लावतो. त्यांतल्या पाच बॅगांत पालक आणि मेथी लागोपाठ तीन वेळा गेली. आधी मी बियाण्याला दोष दिला आणि दुकान बदललं. मग पाण्याला. मग बुरशी असेल म्हणून तांब्याचं बुरशीनाशक मातीत ओतलं. त्याने गोष्ट आणखी बिघडवली, पण हे मला फार नंतर कळलं.

चौथ्या पेरणीआधी मी सगळ्यात मोठी चूक केली. 'माती थकली असेल' असं म्हणून त्या पाच बॅगांची माती ताडपत्रीवर ओतली, चांगल्या चाललेल्या सहा बॅगांची माती त्यात मिसळली, आठवडाभर ऊन दिलं आणि अकराही बॅगा परत भरल्या. चौथ्या खेपेला अकराच्या अकरा बॅगा आजारी पडल्या. रोग असता तर उन्हाने थोडा तरी कमी झाला असता. इथे तो मीच माझ्या हाताने वाटला होता.

उलगडा झाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांमुळे. रोज सकाळी सहाला पाणी घालायला तेच येतात. त्यांच्याइतका जीव या झाडांवर आमच्यापैकी कुणाचाच नाही. त्यांनी ऑनलाइन मागवलेलं एक पाकीट दाखवलं, पांढरी पिठासारखी पावडर, नाव 'नॅनो झिंक'. पाकिटावर 'दर कुंडीला एक चमचा, मातीत मिसळा' एवढंच. जस्त किती टक्के, कणांचा आकार काय, बनवलं कुणी, काही नाही.

"काका, एकदाच घातलंत ना?"

"नाही गं, तिन्ही पेरण्यांना घातलं. पानं पिवळी दिसत होती ना. तक्त्यात दिलंय, शिरांमधला भाग पिवळा म्हणजे झिंक कमी."

काकांनी वाचलेलं खोटं नव्हतं. जस्त कमी पडलं तरी पान तसं दिसतं आणि जस्त जास्त झालं तरीही कोवळं पान जवळपास तसंच दिसतं. म्हणून पहिल्या चमच्याने पान पिवळं पडतं, पिवळं पान बघून दुसरा चमचा पडतो, आणि दर पेरणीला विष वाढत जातं. पानावरून निदान करायला गेलं की माणूस हमखास इथे फसतो. मूळ मात्र वेगळं बोलतं. जस्ताची कमतरता असलेल्या रोपाला निदान मुळं तरी असतात.

चमच्याचा हिशोब

मी काकांचा चमचा वजनकाट्यावर ठेवला, ५ ग्रॅम भरला. पाकिटावर टक्केवारी नाही, म्हणून वाईटात वाईट धरूया की ती पावडर निव्वळ झिंक ऑक्साईड आहे. झिंक ऑक्साईडमध्ये वजनाने ८० टक्के जस्त असतं, म्हणजे चमच्यामागे ४ ग्रॅम. आमच्या १२ इंची बॅगेत माती-कोकोपीटचं मिश्रण सुमारे १० किलो बसतं. एका चमच्याने मातीत किलोमागे ४०० मिलिग्रॅम जस्त पडलं.

आता शेतात किती घालतात ते बघा. जस्त कमी असलेल्या जमिनीला हेक्टरी साधारण २५ किलो झिंक सल्फेट देतात. त्यात २१ टक्के जस्त धरलं तर सव्वापाच किलो. एक हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २२ लाख किलो माती असते. भागाकार केला की किलोमागे जेमतेम अडीच मिलिग्रॅम येतात.

अडीच कुठे आणि चारशे कुठे! हा फक्त पहिल्या चमच्याचा हिशोब. तीन चमच्यांनी त्या पाच बॅगांत मिळून ६० ग्रॅम जस्त गेलं, आणि मी ते ११० किलो मातीत पसरवलं, म्हणजे किलोमागे साडेपाचशे मिलिग्रॅम. पावडर अर्ध्या ताकदीची असली तरी शेतातल्या मात्रेच्या शंभरपट झालंच. नत्र पाण्याबरोबर वाहून जातं, हवेत उडून जातं. जस्त, तांबं, चांदी कुठेही जात नाहीत. कुंडीत पडलेला धातू कुंडीतच राहतो, म्हणून हा त्रास पुन्हा पुन्हा होतो.

मुंबईच्या कुंडीत जास्त का भोवतं

अशा उत्पादनांची जाहिरात बहुतेक शेतीच्या भाषेत असते आणि डोळ्यांसमोर असते घाटावरची काळी जमीन. ती चुनखडीची, चिकणमातीने भरलेली. सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) बहुधा साडेसातच्या वर. तिथे जस्त घट्ट बांधलं जातं, पिकाला मिळत नाही, म्हणून तिथे ते द्यावं लागतं.

आपल्याकडे नर्सरीतून गोणीने येते ती कोकणची लाल माती. ती मुळात आम्लधर्मी. तिच्यात आपण निम्मं कोकोपीट घालतो, तेही किंचित आम्लच. वर चार महिने मुंबईचा पाऊस कुंडीतला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो. गणपती झाल्यावर पालक-मेथी पेरायला घेतो तेव्हा कुंडीचा सामू वर्षातला सगळ्यात खाली असतो. आणि जस्ताचा नियम असा, की मातीचा सामू एक अंकाने उतरला की विद्राव्य जस्त साधारण शंभरपट वाढू शकतं. उन्हाळ्यात गप्प बसलेली कुंडी नवरात्रात का बिघडते, याचं उत्तर मला इथे सापडलं.

त्यात आपली आवडती सवय, बायोएन्झाइम. मोसंबी-लिंबाच्या सालींचं ते आंबवलेलं पाणी चांगलंच आंबट असतं. झिंक ऑक्साईड आम्लात विरघळतं, आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल जस्ताला धरून पाण्यात फिरतं ठेवतं. रोप मरगळलं म्हणून बायोएन्झाइम किंवा आंबट ताक ओतलंत, की बांधलेलं जस्तही सुटून मुळाशी येतं. एरवी या गोष्टींबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त या कुंड्यांत त्या नकोत.

मुळाशी नेमकं काय होतं

नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. पदार्थ तोच, पण इतका बारीक केला की त्याचा उघडा पृष्ठभाग अफाट वाढतो. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर पटकन विरघळते, तसंच हे. आम्ल मातीत झिंक ऑक्साईडचे कण भराभर विरघळतात आणि मुळांभोवती जस्ताचे आयन दाटतात. जस्त आणि लोह मुळाच्या एकाच दारातून आत शिरू शकतात. दारात जस्ताची गर्दी झाली की लोह बाहेरच राहतं. लोहाशिवाय हरितद्रव्य बनत नाही, आणि जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडे सहज सरकत नाही, म्हणून पिवळेपणा कोवळ्या पानांवरच दिसतो.

सगळेच कण विरघळतात असं नाही. मुळाच्या पेशीभित्तिकेतली छिद्रं काही नॅनोमीटरचीच असतात. मोठे कण बाहेर अडकतात आणि चाळणी तुंबावी तसं पाण्याची वाट अडवतात. २००९ साली इस्रायलमध्ये मक्यावर झालेल्या प्रयोगात टायटॅनियम डायऑक्साईडच्या बारीक कणांनी मुळांची पाणी ओढण्याची क्षमता उतरलेली दिसली, आणि पानांची वाढही मंदावली. ओल्या मातीत मान टाकणारं रोप दिसलं की मला तेच आठवतं. शिवाय धातू जास्त झाला की पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जहाल ऑक्सिजनयुक्त रेणू साठतात आणि पेशींचे पडदे खराब करतात. मुळाच्या टोकाची वाढती पेशी सगळ्यात नाजूक, म्हणून पहिला फटका तिला.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या लिन आणि शिंग या संशोधकांचा २००७ चा अभ्यास या विषयात फार वाचला जातो. मुळा, रेप, रायगवत, लेट्यूस, मका आणि काकडी अशी सहा पिकं त्यांनी घेतली. लिटरला २००० मिलिग्रॅम नॅनो झिंक किंवा नॅनो झिंक ऑक्साईड असलेल्या द्रावणात मुळांची वाढ जवळपास थांबली. मुळ्याच्या मुळाची वाढ निम्म्यावर आणायला लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम पुरले. मोहरीच्या कुळातल्या रेपला आणि रायगवताला सुमारे २०. पण बहुतेक बी उगवलं मात्र व्यवस्थित! बियाला स्वतःची शिदोरी असते आणि वर टरफलाचं कवच; घात होतो तो मूळ बाहेर पडल्यावर. उगवण ठीक आणि मूळ खुरटं, ही जोडी दिसली की माझा संशय धातूवरच जातो.

आकडे द्रावणातले आहेत, मातीतले नाहीत. मातीत चिकणमाती, सेंद्रिय भाग, स्फुरद हे सगळे धातूला बांधतात, त्यामुळे तेवढीच मात्रा तिथे कमी बाधते. पण भरपूर कोकोपीट आणि थोडी माती असलेली आपली ग्रो बॅग शेतापेक्षा द्रावणाच्या जास्त जवळची आहे, हे विसरू नका.

बाकी धातूंबद्दल थोडक्यात. तांब्याचे नॅनोकण मुगाला गव्हापेक्षा जास्त बाधतात. २००८ च्या एका प्रयोगात, आगर नावाच्या जेलीवर वाढवलेल्या रोपांची वाढ निम्म्यावर आणायला मुगाला लिटरमागे ३३५ मिलिग्रॅम लागले, गव्हाला ५७०. तांब्याने मुळं आखूड, जाड, पोवळ्याच्या फांदीसारखी होतात. चांदीचे कण जंतू मारण्यासाठीच वापरतात, तेव्हा ते मातीतल्या उपयोगी जिवाणूंनाही सोडत नाहीत. सेरियम ऑक्साईड कुणी कुंडीत घालत नाही, पण कॅलिफोर्नियात सोयाबीनवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात जास्त मात्रेला मुळांवरच्या गाठींतलं नत्र-स्थिरीकरण जवळपास बंद पडलं होतं. त्याच कामात झिंक ऑक्साईड दिलेल्या रोपांच्या पानांत आणि दाण्यांत जस्त साठलेलं सापडलं. चवळी-वाल लावत असाल तर मुळांवरच्या गाठी नखाने फोडून बघा. आतून गुलाबी असतील तर त्या काम करताहेत.

दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की मातीत पडलेलं नॅनो झिंक ऑक्साईड फार काळ 'नॅनो' राहत नाही. विरघळतं, स्फुरदाशी, लोहाच्या ऑक्साईडशी, सेंद्रिय आम्लांशी जोडलं जातं. काही महिन्यांनी आपल्यापुढे उरतं ते साधं जस्त, भरमसाट. म्हणून उपायही जस्ताच्या विषबाधेचेच करायचे; नॅनोवर वेगळा उतारा शोधत बसू नका.

दुसरं काही नाही ना, ते आधी बघा

खालची, जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर ते नत्र किंवा मॅग्नेशियम. धातूचा विषय नाही. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी (चवळी-वालाच्या उपयोगी गाठी वेगळ्या, त्या मुळाला बाहेरून चिकटलेल्या असतात आणि हाताने सुटतात). रोप जमिनीलगत मऊ पडून कोलमडत असेल तर ती रोपमर आहे. पानांच्या कडा करपलेल्या आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं असतील तर क्षार.

आणि वर पत्रा आहे का ते बघा. मुंबईत अर्ध्या गच्च्यांवर पत्र्याची शेड असते. त्या लोखंडी पत्र्यावर जस्ताचाच मुलामा असतो, आणि पावसाचं पाणी त्यातलं थोडं थोडं जस्त घेऊन पत्र्याच्या कडेवरून ठिबकतं. नेमक्या त्या ओळीतल्या कुंड्या आजारी असतील, तर नॅनोला दोष देण्याआधी कुंड्या दोन हात आत सरकवा.

चार पेल्यांची परीक्षा

प्रयोगशाळेत जाण्याआधी घरी हे करा. दहा-बारा दिवस लागतात आणि खर्च जवळपास काहीच नाही. चार कागदी पेले घ्या, तळाला भोकं पाडा.

पहिल्यात नवी, कधीही पावडर न लागलेली माती. दुसऱ्यात संशयित माती. तिसऱ्यात दोन्ही निम्मी-निम्मी. चौथ्यात संशयित मातीच, पण तिच्यात किलोला २ ग्रॅम या हिशोबाने शेतीचा चुना, म्हणजे चुनखडीची भुकटी, नीट मिसळून चार-पाच दिवस ओलसर ठेवलेली. प्रत्येकात दहा-दहा दाणे मेथी किंवा मुळा पेरा. चारही पेले एकाच खिडकीत ठेवा, पाणी सारखंच द्या. सातव्या दिवशी पेला फाडून माती पाण्यात सोडवा आणि मुळं पांढऱ्या कागदावर ओळीने मांडा.

चारहीकडे उगवण सारखी, दुसऱ्यात मूळ खुरटं, तिसऱ्यात मधलं आणि चौथ्यात स्पष्ट सुधारलेलं, असं दिसलं तर धातूच समजा. चुन्याने सामू चढतो, जस्त-तांबं बांधलं जातं आणि मूळ मोकळं होतं. चौथ्यात काहीच फरक नसेल तर संशयित माती तीन वेळा भरपूर पाण्याने निथळून पुन्हा पेरा. आता सुधारली तर तो क्षारांचा त्रास होता. मी ही परीक्षा जेवणाच्या टेबलावर केली. काकांनी दुसऱ्या आणि चौथ्या पेल्यातली मुळं शेजारी शेजारी पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं, ते तुम्हालाही सांगते: पाकिटावर 'मातीत मिसळा' असंच छापलं होतं.

आणखी एक झटपट खूण. ग्लासभर पाण्यात चिमटीभर हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) विरघळवा, लिटरला ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि संध्याकाळी एकाच पिवळ्या पानाला बोळ्याने लावा. चार-पाच दिवसांत तेवढंच पान हिरवं झालं तर लोह आत पोचत नव्हतं हे नक्की. मात्र ही फक्त खूण आहे. पान हिरवं झालं म्हणून खालचं मूळ वाढत नाही.

सामू बघायच्या कागदी पट्ट्या प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथे मिळतात. एक भाग माती, अडीच भाग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी (आम्ल नव्हे), ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या पाण्यात पट्टी बुडवा. आमच्या बॅगांचा सामू साडेपाचच्या आसपास निघाला.

सरकारी प्रयोगशाळेत माती दिलीत तर एक सावधगिरी. मृदा आरोग्य पत्रिकेवर जस्त 'कमी' की 'पुरेसं' एवढंच लिहून येतं; उपलब्ध जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की कमी. जास्त झाल्याचा इशारा तिथे नसतो. 'पुरेसं' वाचून निर्धास्त होऊ नका, शेजारचा आकडा वाचा. तो दोन अंकी असेल तर ती माती पालेभाजीची नाही.

माती सुधारायची कशी

पहिलं काम, वेगळी करा. आजारी बॅगांवर रंगाने खूण करा. त्यांची माती, त्यांतला काडीकचरा, बॅगेखालच्या ताटलीतलं पाणी, काहीही दुसऱ्या कुंडीत किंवा कंपोस्टच्या ड्रममध्ये जाऊ देऊ नका. खुरपंसुद्धा धुऊन ठेवा. हे नाही केलं तर पुढचं सगळं वाया जाईल. आमच्या पाचाच्या अकरा बॅगा अशाच झाल्या.

दुसरं, पातळ करणं. एक चमचाच पडलेली, किलोला चारशेची माती असेल तर एक भाग जुनी आणि चार भाग नवी घेतली की ऐंशीवर येते. आमच्या साडेपाचशेच्या मातीला त्याच प्रमाणात एकशे दहा. पण ११० किलो पातळ करायला ४४० किलो नवी माती लागते, आणि एवढं ओझं गच्चीच्या स्लॅबवर चढवणं शहाणपणाचं नाही. म्हणून मी फक्त दोन बॅगांची, २० किलो माती घेतली, ८० किलो नवीत मिसळली आणि दहा बॅगा भरल्या. नवी माती घेताना लाल मातीबरोबर दोन गोणी काळी माती मुद्दाम आणली. तिच्यातली चिकणमाती धातूला चांगली धरते, आणि चुनखडीमुळे सामूही सावरतो. उरलेली ९० किलो बाजूला, झाकून.

तिसरं, चुना. पातळ केलेल्या मातीत किलोला एक ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट घालून दोन आठवडे ओलसर ठेवा, पट्टीने बघा, सामू साडेसहा ते सातच्या मध्ये येईपर्यंत थोडा थोडा वाढवा. सातच्या फार वर नेऊ नका, मग लोह खरोखरच अडतं. पानाचा ओला चुना वापरू नका. तो फार तीव्र असतो, कोवळी मुळं भाजतात.

मग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, पाचव्या हिश्शापर्यंत. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट या कुंड्यांना नको. खत नियंत्रण आदेशात त्याच्यासाठी जस्ताची मर्यादा किलोला १००० मिलिग्रॅमपर्यंत आहे, आणि इथे आपल्याला जस्ताचा आणखी एक कणही नकोय. दहा किलोला दहा ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट दिलं तर स्फुरद जस्ताला आणखी बांधतो. त्याहून जास्त देऊ नका, लोहाला तोही आड येतो.

'मोहरी लावा, ती जड धातू शोषून घेते' असा सल्ला बरेच जण देतात. मोहरी शोषते हे खरं, पण हिशोब करा. एका बॅगेतल्या मोहरीचं वाळलेलं वजन अगदी भरपूर धरून २० ग्रॅम, आणि तिने किलोला हजार मिलिग्रॅम जस्त ओढलं असं धरलं, तर एका पिकात २० मिलिग्रॅम निघालं. बॅगेत आहे पाच-साडेपाच ग्रॅम. अडीचशेहून जास्त पिकं घ्यावी लागतील.

माती पाण्याने धुऊनही जस्त निघत नाही. व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्याने धुतली तर निघतं, पण मग ते पाणी कुठे जाणार? आमच्या गच्चीचं पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून ठाण्याच्या खाडीत जातं. तिथला फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टा २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. विरघळलेलं जस्त, तांबं, चांदी पाण्यातल्या शेवाळाला आणि बारीक जिवांना घातक, आणि त्या चिखलातल्या बारीक जिवांवरच ते पक्षी जगतात. खराब माती नाल्यात, खाडीकाठी किंवा कांदळवनात टाकू नका, हे मी हात जोडून सांगते. चुना घालून मोठ्या शोभेच्या झाडांच्या कुंड्यांत थोडी थोडी वापरा, नाहीतर गोणीत बांधून ठेवा.

भाजी खायची का?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांनी विचारला. हिशोब म्हणून सांगते: पालकाच्या वाळलेल्या पानात किलोला ३०० मिलिग्रॅम जस्त असलं, तरी ताज्या पालकात नव्वद टक्के पाणी असतं, म्हणजे १०० ग्रॅम भाजीतून ३ मिलिग्रॅम. एका मोठ्या माणसाची दिवसाची गरज याहून बरीच जास्त आहे, तेव्हा एकदा खाल्ली म्हणून घाबरायचं कारण नाही. पण हे झालं जस्ताचं. पाकिटावर घटकच लिहिलेले नसतील तर आत जस्ताबरोबर काय आलंय हे कुणाला ठाऊक? त्या बॅगांतली जी चार पानं आली ती मी टाकून दिली, आणि घरात लहान मूल असेल तर तुम्हीही टाका.

पुढच्या वेळी घेताना

खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे, आणि नॅनो खतं २०२१ पासून त्यात आली. घटकांची टक्केवारी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कसं द्यायचं हे छापलेलं असलंच पाहिजे. नसेल तर ती वस्तू मातीत घालू नका, कितीही स्वस्त असो. नॅनो युरिया मात्र या गोष्टीतला गुन्हेगार नाही, त्याचं नाव ऐकून घाबरू नका. तो पानांवर फवारायचा असतो, लिटर पाण्याला २ ते ४ मिलिलिटर. मातीत ओतलात तर विषबाधा होणार नाही, पण फायदाही होणार नाही.

कुंडीतल्या झाडाला खरंच जस्त हवं असेल, म्हणजे मुळं चांगली आहेत, सामू सातच्या वर आहे आणि अहवालात आकडा ०.६ च्या खाली आहे, तर साधं झिंक सल्फेट पुरतं. दहा किलो मातीला सव्वाशे मिलिग्रॅम एवढाच हिशोब येतो, चमच्याने मोजताच येणार नाही इतका कमी. म्हणून लिटरभर पाण्यात एक ग्रॅम विरघळवा आणि त्यातलं १२५ मिलिलिटर एका बॅगेला द्या. वर्षातून एकदा, आणि तारीख बॅगेवर लिहा.

आता आमच्या दहा बॅगांत मेथी आहे. सातव्या दिवशी दोन रोपं उपटून पाहिली: मूळ चार बोटं, पांढरं, केशमुळांना माती चिकटून आलेली. काकांनी गच्चीच्या दारामागे एक वही टांगली आहे. कुणी, कुठल्या बॅगेत, काय, किती ग्रॅम घातलं, हे त्यात लिहिल्याशिवाय आता कुणी काही घालत नाही. उरलेल्या ९० किलोच्या गोण्या झाकून कोपऱ्यात आहेत, त्यांवर लाल रंगाने 'जस्त' असं लिहिलंय.